काकूची बुडती

आमच्या काकूला डावं-उजवं नव्हतं. म्हणजे हात दोन होते, पाय दोन होते, सगळं जिथल्या तिथं होतं; पण त्यातला डावा कोणता आणि उजवा कोणता, हे तिला जन्मभर कोणी पटवून देऊ शकलं नाही. तिला चार दिशा ठाऊक होत्या आणि तेवढ्यावर तिचं सगळं भागत असे. उत्तरेला ती वरतं म्हणे, दक्षिणेला खालतं, पूर्वेला उगवती. पश्चिमेला म्हणे बुडती. दिवस जिकडं बुडतो ती बुडती, इतका तो सरळ शब्द होता. तिच्या माहेरी, खाप्याला, सगळेच असं बोलत. लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हा दागिने बेताचेच होते, पण हे चार शब्द तिनं पदराला गाठ मारून आणले होते.

मी उंबऱ्यावर बसलेली असले की आतून आरोळी येई, "अवं, तुह्या बुडतीच्या पायावर मुंगी चढून राहिली!" मी घाबरून उठायची, गरकन फिरायची आणि भलत्याच पायावर थापट्या मारत सुटायची. काकू कपाळाला हात लावून म्हणे, "तो नाई वं! आता ते उगवतीच्या पायावर हाय." मुंगी बिचारी जागची हलली नव्हती. फिरले होते मी. पण काकूच्या हिशेबात पाय फिरले की पायांची नावंही फिरत, आणि यात न समजण्यासारखं काय आहे, हे तिला खरोखरच समजत नसे. वर मलाच म्हणे, "शाळेत जाते, अन् सोताचा पाय ओळखता येत नाई!"

आम्ही गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत राहायचो. काका तिथल्याच एका कापडाच्या ठोक दुकानात गिऱ्हाईक बघायचे; माझे बाबा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कचेरीत होते. भाड्याच्या चार खोल्या एकामागं एक, रेल्वेच्या डब्यांसारख्या. रस्त्याकडचं दार उगवतीला आणि सगळ्यांत शेवटी, बुडतीला, स्वयंपाकघर. काकूचा सारा दिवस त्या शेवटच्या खोलीत जाई, त्यामुळं चार शब्दांपैकी तिच्या तोंडी जास्त खेळे तो बुडतीच. बुडतीचं फडताळ, बुडतीची खिडकी, बुडतीच्या चुलीवरचं दूध. संध्याकाळी त्या खिडकीतून ऊन थेट परातीत उतरायचं. ते निघून गेलं की काकू म्हणायची, "बुडाला. चला, दिवा लावा." गल्लीतल्या पोट्ट्यांनी तिचं नावच पाडलं होतं, बुडतीवाली काकू. ती त्यावर कधी चिडली नाही. उलट कोणी पत्ता विचारत आला की पोट्टे त्याला त्याच नावानं घर दाखवायचे आणि काकू दारातूनच विचारायची, "कोनीकडून आले गा तुमी?" त्यावर पाहुण्यानं गावाचं नाव सांगितलं तरी तिचं समाधान नसे. तिला दिशा हवी असायची.

तिचा पोलक्याचा किस्सा तर गांधीबागेत बरेच दिवस फिरत होता. नवं पोलकं एका बाहीला तंग झालं. काकूनं ते माझ्या हाती देऊन शिंप्याकडं पिटाळलं, "बुडतीची बाही सैल कर म्हना." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. शिंपी भला माणूस. त्यानं पोलकं फळीवर पसरलं, बाहेर येऊन सूर्य बघितला, आणि पश्चिमेकडं आलेली बाही इमानदारीनं उसवून सैल करून दिली. ती नेमकी चांगली बाही निघाली. आता एक तंग आणि एक ढगळ. काका हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "राहू दे आता. एक हात खाप्याचा अन् एक नागपूरचा." काकूनं ते पोलकं तसंच वापरलं. त्यानंतर ती त्या दुकानात गेली की शिंपी आधी बोटानं दाखवी, "काकू, इकडं बुडती. आता बोला."

नव्या जागी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बुडती कोनीकडं हाय?" लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, कोणाकडचं हळदीकुंकू असो. ते कळेपर्यंत ती टेकायची नाही. एकदा काका आम्हा सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेले. जिना चढून, दोन वळणं घेऊन आत गेलो, तोवर आतले दिवे मालवलेले. काकू खुर्चीत बसेना. मागचे लोक ओरडायला लागले. काका दातओठ खात म्हणाले, "तुले सिनेमा पाहाचा हाय का दिवस?" ती म्हणाली, "तुमी फकत सांगा. मी बसतोच." शेवटी काका सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर गेले, रस्त्यावर जाऊन पाहून आले आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "पडद्याच्या मांगं हाय तुही बुडती. बस आता." ती लगेच बसली आणि पुढचा सगळा सिनेमा तिनं पदरानं डोळे पुसत बघितला. काका असे वैतागायचे, पण दर खेपेस उठून जायचे तेच. दुसऱ्या कोणाचं उत्तर तिला चालायचं नाही.

तिची ही भाषा घरात एकालाच नीट येत होती. तिच्या मुलाला, विलासला. आम्ही त्याला विल्या म्हणायचो. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, हाडकुळा, सदा गुडघा फुटलेला. मायलेक बोलायला लागले की आमच्यासारख्यानं बाजूला बसावं. "आई, वरतल्या खुंटीवरची टोपी?" "खालतं पडली पाह्य, बुडतीच्या पायलीमांगं." आणि टोपी तिथं सापडायची. शाळेत मात्र त्याचे हाल होत. कवायतीच्या सरांनी "दाहिने मुड" म्हटलं की सगळा वर्ग वळून मोकळा व्हायचा आणि हा मनातल्या मनात दिशा लावत उभा. एकदा पाठीत धपाटा खाऊन आला. काकू संतापली. "त्या सरांले सांग, मुड म्हना, पन कोनीकडं ते तं सांगा आधी!" विल्या मला नंतर म्हणाला, "आईले नको सांगू, पन मले आता समजते. जेवाचा हात तो दाहिना." हे शहाणपण त्यानं आईपासून लपवून ठेवलं होतं, तिला वाईट वाटेल म्हणून. तिच्याशी तो शेवटपर्यंत तिच्याच भाषेत बोलला.

शेवटपर्यंत म्हणजे किती, तर आठवीच्या दिवाळीपर्यंत.

सुट्टीत तो मामाकडं खाप्याला गेला होता. दरवर्षीच जायचा. त्या साली पाऊस लांबला होता आणि कन्हानला पाणी होतं. भर दुपारी काका अवेळी घरी आले. त्यांच्याबरोबर मामाच्या शेजारचा एक माणूस होता, बसनं आलेला, पायात चप्पल नाही. काका दारातच भिंतीला धरून उभे राहिले. आई पुढं झाली. त्या माणसानं खालच्या आवाजात तिला सांगितलं, मुलं डोहावर गेली होती, असं काहीसं, आणि मग शेवटचा शब्द त्याच्या तोंडून जरा मोठ्यानं निघाला, "बुडाला."

काकू शेवटच्या खोलीत तांदूळ निवडत होती. तीन खोल्या ओलांडून तिच्यापर्यंत तेवढा एकच शब्द गेला. ती आतूनच म्हणाली, "कोन म्हनते बुडाला? ऊन हाय की अजून. बुडाले लई वेळ हाय."

मी मधल्या खोलीत होते आणि मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. तिचं ते वाक्य मी आजवर कोणालाही तिच्या आवाजात सांगू शकलेले नाही. जरा वेळानं पदराला हात पुसत ती बाहेर आली, "कोन आलं वं?" म्हणत, आणि तिनं काकांचं तोंड पाहिलं.

त्याच्या पुढचे दिवस मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांना ते ठाऊक आहेत, आणि बाकीच्यांना ते ठाऊक नसलेलेच बरे.

तेरावं झालं आणि बाबांनी आम्हाला पुढच्या खोलीत बोलावलं. आई होती, मी होते. बाबा हळू आवाजात म्हणाले, "आजपासून घरात तो शब्द कोनी काढाचा नाही. तिच्या कानावर पडला नाही पायजे. समजलं?" कोणता शब्द, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाबा स्वभावानं कडक, पण एवढं बोलून ते डोळे पुसत बाहेर गेले. घरातलं कोणी कोणासाठी यापेक्षा जास्त काय करू शकतं, असं मला तेव्हा वाटलं.

मराठीत काय काय बुडतं, हे मला त्यानंतर कळलं. शाळा बुडते, मजुरी बुडते, उपास बुडतो. कोणाचा धंदा बुडतो, कोणाची सायंकाळची पूजा बुडते. घागर हौदात बुडवतात, बिस्किट चहात बुडवतात. आम्ही हे सगळं बंद केलं. आमच्या घरात शाळा चुकायची, धंदा बसायचा आणि बिस्किट चहात घालायचं. संध्याकाळी दिवस मावळायला लागला, पुस्तकातल्यासारखा. आई एकदा बोलून गेली, "दूधवाल्यानं आज रतीब बुड..." आणि तिनं तिथंच तोंडावर हात दाबला. काकू पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, तिनं ऐकलं नाही म्हणून.

गल्लीनंही साथ दिली. पोट्ट्यांनी तिचं नाव टाकलं. ती नुसती काकू झाली. शिंप्याच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा त्यानं सवयीनं बोट उचललं आणि मग अडखळून म्हणाला, "इकडं पश्चिम आहे, काकू." एवढा चांगुलपणा. कोणाला नावं ठेवायची?

विल्याचं नावही हळूहळू बंद झालं. त्याचं नाव निघालं की सुट्टी निघणार, सुट्टी निघाली की नदी निघणार, म्हणून आधीच गप्प बसायचं. आईनं त्याचा भिंतीवरचा फोटो काढून ट्रंकेत ठेवला. मला तो रोज आठवायचा. शाळेत कवायतीला उभी राहिले की डोळे वाहायला लागायचे. पण घरी येताना मी तोंड धुऊन यायची.

काकूनं स्वतः तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. त्यामुळं आपण करतो ते बरोबरच आहे, अशी आमची खात्री झाली. "ते बाजूचं पातेलं दे," असं ती म्हणायला लागली आणि हनुवटीनं दाखवायची. कधी म्हणे, "उगवतीच्या सामनेचं." कधी नुसतीच थांबायची, हात हवेत धरून, आणि मग उठून स्वतः घेऊन यायची. वस्तू ठेवायची आणि तिला सापडायच्या नाहीत. ज्या बाईला अंधारात सुई सापडायची, ती दिवसा चिमटा शोधत फिरायची. बाहेर जाणं तिनं जवळजवळ सोडलं. लग्नाची बोलावणी आली की "तुमीच जा" म्हणायची. आम्ही समजायचो, पोराचं दुःख आहे, तिला चारचौघांत नको वाटतं. काकाही गप्प झाले होते. दुकानातून यायचे, सायकल लावायचे, जेवायचे. तिला घेऊन कुठं जाणं राहिलं नाही, त्यामुळं उठून बघून येणंही राहिलं नाही.

माझं लग्न झालं, मी अमरावतीला गेले. मुलगी झाली. मग बाबांनी आणि काकांनी मिळून शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि घर बांधलं. बाबा तेव्हा निवृत्त व्हायला आले होते. घरभरणीला मी मुलीला घेऊन आले. श्रावण लागला होता, आभाळ असं भरलेलं की सकाळ की दुपार ते कळू नये. सूर्य चार दिवस कोणी पाहिला नव्हता. घरात सगळी धांदल, आणि काकू एकटी या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. प्रत्येक खिडकीपाशी उभी राहायची, बाहेर बघायची, परत फिरायची. हातात देवघरातला पितळी नाग होता. तो कुठं ठेवावा, ते तिला ठरवता येत नव्हतं.

तिनं विचारलं मात्र नाही. पहिला प्रश्न ठरलेला असणारी ती बाई, स्वतःच्या नव्या घरात, कोणालाही विचारत नव्हती. ते माझ्या ध्यानात आलं आणि मला बघवेना. मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले.

"काकू, काय पाहून राहिली?"

"काई नाई वं. देव कोनीकडं मांडाचे, ते."

"पूर्व इकडे आहे," मी दाराकडं हात केला.

"अन् मंग ते बाजू हे," ती हनुवटीनं खिडकीकडं दाखवत म्हणाली.

"हो. ते पश्चिम."

तिनं नाग कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, पण मी लहान असताना खोटं बोलले की ती बघायची तसं बघितलं.

"तू बी पच्चिम म्हन," ती म्हणाली. "काहून टाकून दिला वं तुमी तो शब्द?"

मी कसंबसं म्हणाले, "तुह्यासाठीच, काकू. तुले आयकवनार नाही म्हणून. बाबांनी सांगतलं होतं."

"माह्यासाठी?" ती खालीच बसली, नव्या फरशीवर. "बाप्पा! मले वाटलं, तुमाले तो शब्द आयकून विल्याची याद येते. तुमाले घास जात नाई. तुमी सगळे टाकून राहिले होते तो शब्द, म्हनून मी सोडला. तुमच्यासाठी सोडला मी."

कितीतरी वर्षांनी त्या घरातल्या माणसाच्या तोंडून मी विल्याचं नाव ऐकत होते. मी तिच्याजवळ बसले. ती बोलतच राहिली, माझ्याकडं न बघता.

"दिवसातून शंभर खेपा तोंडाशी येत होता, मी गिळत होती. तो शब्द म्हटला का मले तो दिसे वं. दिसे तं दिसू द्या की. दुसरीकडं कुठं दिसनार होता मले? फोटो बी काहाडला तुमी. मी काई म्हटलं नाई. कोनी त्याचं नाव घेत नाई, मी काई म्हटलं नाई." तिनं फरशीवरून हात फिरवला. "नदीनं त्याले एकडाव बुडवलं. नदीले काय समजते. पन त्याचं नाव तं आपन घरच्याईनं बुडवलं."

नाव बुडवलं असं आमच्याकडं वाया गेलेल्या मुलाबद्दल म्हणतात. विल्यानं कोणाचं नाव बुडवलं नव्हतं. चौदा वर्षांचा, आईला वाईट वाटेल म्हणून डावं-उजवं येत असून न दाखवणारा मुलगा तो. त्याचं नाव आम्ही मोठ्या मायेनं, एकमेकांना जपत, पाण्याखाली दाबून धरलं होतं. मी काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि खिडकीकडं बघत दोनदा, अगदी हळू म्हणाली, "बुडती. बुडती." बऱ्याच दिवसांनी जिभेवर चव घ्यावी तशी.

मी उठायला लागले, बाहेर जाऊन सगळ्यांना सांगायला. तिनं माझा हात धरला.

"बाकीच्याईले सांग वाटलं तं. तुह्या काकासमोर मात्र नको. त्याईनं तो शब्द आयकला होता वं, त्या मानसाच्या तोंडून, पैल्यांदा. दुकानात. एकटे. मी तं दिवसच समजली होती. त्याईले नाई सोसनार."

मी मान डोलावली. बाबांना आणि आईला त्या रात्री सांगितलं. बाबा उठले आणि ट्रंकेतून फोटो काढून त्यांनी तो पुसला. पण काकांच्या समोर लावायचा कसा, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या फडताळात, डब्यांच्या मागं ठेवला.

त्यानंतर मी माहेरी आले की दुपारी स्वयंपाकघरात काकूचा शब्द परत नांदायचा. बुडतीचं कणगं, बुडतीची खिडकी, बुडतीकडून आलेली मांजर. आणि विल्या. तो पहिल्यांदा कसा चालला, त्याला वांगं कसं आवडायचं नाही, मामाच्या हातमागावर बसून त्यानं सूत कसं तोडलं होतं. तिच्याजवळ इतकं साठलं होतं की एक सांगताना दुसरं निसटून जायचं. माझ्या लेकीलाही ती सांगायची, "तुह्या विलासमामाले..." मग संध्याकाळी फाटकाशी काकांच्या सायकलची घंटी वाजायची. काकू लगेच पदर सावरायची, फोटो डब्यामागं सरकवायची, आणि काका ओट्यावर पाय धूत असताना मुद्दाम जरा मोठ्यानं मला म्हणायची, "ते पच्चिमेची खिडकी लाव वं. डास येतील." तिच्या तोंडी तो शब्द पाहुण्याच्या चपलेसारखा वाटायचा. मला हसू यायचं आणि रडूही, दोन्ही एकदम.

असं काही वर्षं चाललं. मग एका थंडीत तापाचं निमित्त झालं आणि काकू गेली. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

घाटावरून पुरुष परत आले, अंघोळी झाल्या, शेजारच्यांनी आणलेला भात तसाच पडला होता. काका दिसेनात म्हणून मी शोधायला गेले. ते स्वयंपाकघरात होते. त्या खोलीत पाणी प्यायलाही ते कधी स्वतःहून आत जात नसत. आता ते तिच्या पाटाजवळ उभे होते, ओल्या धोतरानंच.

"बुडती कोनीकडं हाय वं इथं?" त्यांनी विचारलं.

ते त्या घरात किती वर्षं राहत होते. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत. सूर्य कुठं जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मी खिडकीकडं हात केला. ते खिडकीशी गेले. समोर शेजाऱ्यांची भिंत होती आणि तिच्या माथ्यावरून थोडं ऊन अजून आत येत होतं.

"लई वर्षांनी म्हनून राहिलो हा शब्द," काका म्हणाले. "ते होती तवा जीभच नाई उचलली. रोज दुकानातून येता येता ठरवत होतो, आज तिच्यापाशी विल्याचं बोलाचं. काई बी. त्याच्या टोपीचं म्हना, कशाचं म्हना. एकडाव तरी बोलाचं. अन् फाटकात आलो का आतून तिचा आवाज येई. पच्चिम म्हने. माहेरचा शब्द सोडून पच्चिम म्हने ते! मंग मी समजत होतो का अजून नाई. अजून तिले सोसनार नाई. उद्या बोलू."

त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं होतं. खिडकीतलं ऊन गेलं.

मला दोघांचाही राग आला. इतका राग मला कधी कोणाचा आला नव्हता, आणि इतकी माया पण. ती काय म्हणाली होती, ते सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. ऐकून ते आता कोणापाशी जाऊन बोलणार होते?